पाच सेंटिमीटर कमी : आमची ऑरलँडोवारी

मिक्सर घ्यायचा झाला तर मी तीन दुकानं पालथी घालतो, दोन शेजाऱ्यांना विचारतो आणि तरीही दिवाळीच्या सवलतीपर्यंत थांबतो. असा माणूस डिस्नीची दोन लाखांची तिकिटं एका बैठकीत काढून मोकळा कसा झाला, हे मला अजून सांगता येत नाही. एजंटाच्या ऑफिसात एसी छान होता आणि भिंतीवर किल्ल्याचं चित्र होतं. आपला नव्हे, तो निळ्या कळसांचा. एवढंच आठवतं.

मे २०२५ ची गोष्ट. पंधरा दिवस ताईकडे न्यू जर्सीत, एडिसनला, आणि मग पाच रात्री फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ. माणसं पाच : मी, ही, नऊ वर्षांची थोरली, पाच वर्षांचा धाकटा आणि आई. आईचं वय ६९, गुडघ्यांचं त्याहून जास्त.

ताईने मार्चमध्येच फोनवर सांगितलं होतं, "अ‍ॅप टाकून घे. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, तिथे आधी काय करायचं, हे घरी बसून ठरव." मी म्हणालो, "ताई, सुट्टीवर चाललोय, मोहिमेवर नाही." माझा सगळा अनुभव खोपोलीच्या इमॅजिकाचा. सकाळी कर्वेनगरहून निघालो, दिवसभर मनसोक्त बसलो, येताना लोणावळ्याला चिक्की घेतली. हे त्याचंच थोरलं भावंड असणार, असं मी गृहीत धरलं. शिवाय सोसायटीतले एक काका २०१८ ला जाऊन आले होते आणि "तिथे फास्टपास फुकट असतो रे, रांग लागतच नाही" असं छातीठोक सांगत होते. काकांचं बरोबर होतं. २०१८ पुरतं.

शुक्रवार, २३ मे : पोचलो

विमान वेळेवर, बॅगा वेळेवर. टॅक्सीचे चालक हैतीचे निघाले, बावीस वर्षं ऑरलँडोत राहिलेले. आई पुढच्या सीटवर बसली म्हणून त्यांना फार आनंद झाला, कारण सगळे पाहुणे मागे बसून फोनमध्ये डोकं घालतात म्हणे. रस्त्यात त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही नेमके याच वीकेंडला का आलात?"

सोमवारी मेमोरियल डे होता. मे महिन्यातला शेवटचा सोमवार, तिकडची मोठी सुट्टी. त्यात आदल्याच दिवशी, २२ मेला, डिस्नीच्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सल कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवंकोरं पार्क त्याच गावात उघडलेलं. मला एवढंच ठाऊक होतं, की आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. तारखा मी कालनिर्णय बघून ठरवल्या होत्या, तिकडचं कॅलेंडर बघायचं मनातही आलं नाही. डिस्नीच्या तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. त्या वर्षी मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ११९ डॉलरपासून १९९ पर्यंत होतं. गर्दीच्या दिवसाला दर चढा. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून आम्ही जास्तीची गर्दी विकत घेतली होती.

हॉटेल किसिमीला. एजंटाने "पार्कपासून पाच मिनिटं" सांगितलं होतं आणि तो खोटं बोलला नव्हता. वॉल्ट डिस्नी वर्ल्ड ही मालमत्ताच सुमारे २५ हजार एकरांची, म्हणजे १०० चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून मोठी. तिच्यात मॅजिक किंगडम, अ‍ॅनिमल किंगडम धरून चार वेगवेगळी थीम पार्क, दोन वॉटर पार्क, डझनांनी हॉटेलं. हद्दीपासून आम्ही पाच मिनिटांवर होतो खरे, पण हद्दीपासून दार हा निराळा प्रवास. वाकडच्या पुलापाशी राहणाऱ्याने "मी निगडीतच असतो" म्हणावं, तसं.

तिकिटांबद्दल दोन गोष्टी इथेच सांगतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ३ ते ९ ला मुलांचं, आणि दहाव्या वाढदिवसापासून मूल मोठं माणूस. थोरलीचा दहावा ऑगस्टात होता, तेवढं नशीब. आणि तीन दिवसांचं तिकीट सलग तीन दिवसांतच संपवावं लागत नाही, पाच दिवसांच्या मुदतीत कुठलेही तीन दिवस चालतात. हे आम्हाला रविवारी कळलं आणि त्यानेच वाचवलं.

शनिवार : मॅजिक किंगडम, पहिला प्रयत्न

साडेआठला उठलो. सुट्टी होती ना! हॉटेलचा नाश्ता फुकट, म्हणून तो भरपूर केला. हॉटेलची बसही फुकट, पण दिवसातून दोनदाच : जायला साडेनऊ, परतायला संध्याकाळी सात. बसने आम्हाला किल्ल्यापाशी सोडलं नाही, एका प्रचंड वाहनतळापाशी सोडलं. तिथे बॅगांची तपासणी, मग पुढे तळं, आणि तळ्याच्या पलीकडे पार्क. जायला मोनोरेल किंवा फेरीबोट. मुलं बोटीत खूश होती. मी घड्याळ बघितलं, तेव्हा आम्ही दारात पोचलो होतो आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पार्क नऊला उघडलेलं. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरलेल्यांना त्याच्याही अर्धा तास आधी आत सोडतात.

किल्ल्यासमोर फोटो काढले. आई म्हणाली, "चित्रात केवढा दिसतो!" किल्ला १८९ फूट उंच आहे, वरचे मजले मुद्दाम लहान प्रमाणात बांधलेत म्हणजे खालून तो आणखी उंच भासावा, असं मी तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वर बघितलं आणि "असेल" म्हणाली. हे "असेल" सदाशिव पेठेतलं आहे, त्यावर अपील नसतं.

धाकट्याला मी दोन महिने रोज झोपताना रॉकेटची गोष्ट सांगत होतो. स्पेस माउंटन. अंधारात, ताऱ्यांमधून जाणारं रॉकेट. पार्क ओलांडून तिथे गेलो. दारात एक तरुण मुलगी हातात मापाची काठी घेऊन उभी. किमान उंची ११२ सेंटिमीटर. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याची उंची लिहिलेली आहे, एप्रिलमधली, १०७. ती मला तोंडपाठ होती. ११२ मात्र मी कधी शोधलंच नव्हतं, आणि प्रत्येक राइडची किमान उंची डिस्नीच्या साइटवर सगळ्यांना दिसेल अशी लिहिलेली असते.

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्याने बूट काढले आणि म्हणाला, "परत मोजा." बूट काढल्यावर उंची कमी होते हे त्याला कोण सांगणार? त्या मुलीने खरंच गुडघ्यावर बसून परत मोजलं, त्याच्याशी हात मिळवला, आणि तू वाढलास की रॉकेट इथेच असेल, असं त्याला सांगितलं. मी भाषांतर केलं. तो माझ्याशी दुपारपर्यंत बोलला नाही.

मग सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणगाडीची रांग धरली, कारण तिथे ९७ सेंटिमीटर चालतात. फलकावर ११० मिनिटं. ऊन असं, की कोकणातला मे आठवावा. चाळीस मिनिटं झाली आणि आभाळ भरून आलं. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी वादळ येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही रांग सोडली. रेनकोट नव्हते. घरी मंडईतून आणलेले पन्नास रुपयांचे प्लॅस्टिकचे पाच पडले होते. तिथे घेतले ते हजार-हजाराच्या वर गेले. चारच घेतले. मी भिजलो, आणि भिजण्याचा मला नैतिक आनंद झाला.

आडोशाला एक नडियादचं कुटुंब उभं होतं. त्या काकूंनी डबा उघडला आणि थेपल्यांचा वास आला. आईच्या हातात दोन थेपले ठेवत त्यांनी विचारलं, "तुम्ही काही आणलं नाहीत?"

आमच्या दशम्या, मेतकूट, खाकरे सगळे हॉटेलच्या खोलीत होते. मी छातीठोक सांगितलं होतं ना, की आत बाहेरचं खाणं चालत नाही! चालतं. काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून बाकी घरचं खाणं नेता येतं. आणि काउंटरवर जेवण देणाऱ्या हॉटेलांत बर्फ घातलेलं साधं पाणी मागितलं की पेला भरून फुकट देतात. आम्ही तोवर तीनशेच्या वर रुपयांना एक, अशा सहा बाटल्या प्यायलो होतो.

जेवणाची ऑर्डर बहुतेक जण फोनवरून, वेळ ठरवून देतात. फोनची बॅटरी अकरा टक्के. फ्रेंच फ्राइज आणि पिझ्झा यांवर दिवस काढला. सातच्या बससाठी साडेपाचलाच निघावं लागलं, कारण परत बोट, परत वाहनतळ. त्यामुळे रात्रीची आतषबाजी गेली. थोरलीने बसमध्ये विचारलं, "बाबा, आपण एकूण किती राइड्स केल्या?"

तीन. त्यातली एक गोल फिरणारी घोड्यांची, जी सारसबागेबाहेर तीस रुपयांत होते.

रात्री हिचा आणि माझा जो संवाद झाला, तो इथे देत नाही.

रविवार : तरण तलावाकाठी

फोनमध्ये आदल्या दिवसाची २१ हजार पावलं दिसत होती. आईने पाय सुजलेले दाखवले आणि जाहीर केलं, "आज मी कुठे येत नाही, आणि तुम्हीही जाऊ नका." वास्तविक त्या दिवशी दुसऱ्या पार्कला जायचं होतं. तिकिटाची मुदत बघितली आणि पाच दिवसांची गोष्ट सापडली.

तलावाकाठी शेजारच्या खुर्चीवर ओहायोच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, दोन नातवंडांना घेऊन आलेल्या. त्यांची ही आठवी खेप. मी आमचा शनिवार सांगितला. त्या हसल्या नाहीत, फक्त चष्मा लावला आणि कागद मागितला. थोरलीची उरलेली दुरेघी वही होती, ती दिली.

त्यांनी राइडचं नावच घेतलं नाही. विचारलं, "तुमच्यापैकी प्रत्येकाची एक गोष्ट कोणती? ती झाली की दिवस वाया गेला असं वाटणार नाही, अशी?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तिकिटं काढून चार महिने झाले होते आणि हा प्रश्न घरात कोणी कोणाला विचारलेला नव्हता. थोरली म्हणाली, उडणारा पीटर पॅन. धाकटा म्हणाला, खाणगाडी. ही म्हणाली, आतषबाजी. मला काही सुचलं नाही. आई म्हणाली, "जिथे बसायला मिळेल ते."

बाईंनी चारही गोष्टी लिहिल्या आणि त्यांच्याभोवती दिवस आखला. गाजलेल्या राइड्स पहिल्या तासात. उन्हात आणि वादळात छताखालच्या, बसून बघायच्या गोष्टी. दुपारी शक्य असेल तर खोलीवर झोप. संध्याकाळी लहान मुलं असलेली कुटुंबं थकून निघतात, तेव्हा परत. सगळं बघायचा नाद सोडायचा.

मग पासचं प्रकरण. काका म्हणत होते तो फुकट फास्टपास २०२० मध्ये पार्क बंद झाली तेव्हा गेला तो गेला. २०२१ मध्ये त्याची पैसे भरून घ्यायची आवृत्ती आली आणि जुलै २०२४ पासून तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. डिस्नीच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना सात दिवस आधीपासून, बाकीच्यांना तीन दिवस आधीपासून घेता येतो, तिथल्या सकाळी सातला. सुरुवातीला तीन राइड्सच्या वेळा निवडायच्या, एक वापरली की पुढची घ्यायची. काही फार गाजलेल्या राइड्सचा पास वेगळा. दर दिवसागणिक आणि पार्कागणिक बदलतो. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. तिकीट काढल्यावर रांग टाळायला परत पैसे, हे आपल्याकडच्या व्हीआयपी दर्शनासारखं झालं. पण पटत नसेल तर पहाटे उठावं लागतं. पटतही नाही आणि उठतही नाही, अशा माणसासाठी तिथे काही नाही. शनिवारी तो माणूस मी होतो.

आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "अरे, अनंत चतुर्दशीला आपल्याकडे बाहेरगावचे पाहुणे येतात, जेवूनखाऊन संध्याकाळी सातला अलका चौकात उभे राहतात आणि विचारतात, मानाचे गणपती कधी येणार? कसबा गणपती तोवर कधीच नदीवर पोचलेला असतो. आपण हसतो त्यांना." मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. त्यांना कसबा गणपती समजला नसावा, पण सातला येणारे पाहुणे बरोबर समजले.

संध्याकाळी ताईचा फोन. "मग, मोहीम काय म्हणतेय?"

सोमवार : अ‍ॅनिमल किंगडम

पावणेसातला टॅक्सी. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, पिशवीत चार महागडे रेनकोट, पॉवरबँक. आदल्या संध्याकाळी ही दुकानात जाऊन पाचवा रेनकोटही घेऊन आली, दीड डॉलरला.

हे पार्क १९९८ चं आणि सकाळी लवकर उघडतं. आम्ही आधी सफारी गाठली. उघड्या ट्रकमधून आफ्रिकेतले प्राणी, पिंजरे दिसत नाहीत. सकाळच्या गारव्यात ते हिंडत असतात, दुपारी सावलीत आडवे होतात. एक जिराफ रस्त्यातच उभा राहिला आणि ट्रकही उभा राहिला. पाच मिनिटं कोणी हॉर्न वाजवला नाही. आईला जिराफापेक्षा त्याचं जास्त कौतुक वाटलं.

मग आशिया. इथे डिस्नीने आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य उभारलंय. पडक्या महालाच्या भिंती, उडालेला रंग, लोंबणाऱ्या तारा, देवनागरीत पाट्या, सायकली, देवळांच्या घंटा. महाराजाच्या उद्ध्वस्त राजवाड्यात खरेखुरे वाघ. आई भिंतीजवळ गेली, पोपडे हाताने चाचपून बघितले. "मुद्दाम पाडलेत?"

"हो, आई. मुद्दाम."

"आमच्या वाड्याचे पोपडे आपोआप पडले, तेव्हा बिल्डरने आठ वर्षं भाडं दिलं नाही. इथे तेच बघायला तिकीट." तिने त्या भिंतीसमोर फोटो काढून घेतला आणि रास्ता पेठेतल्या मावशीला पाठवला. खाली लिहिलं, "ओळख कुठे आहे."

'अवतार' सिनेमावर बेतलेल्या पँडोरा भागातल्या उडणाऱ्या राइडला उंची परत ११२. या वेळी धाकट्याला ते आधी माहीत होतं, आणि आम्हाला दारात विचारायचं माहीत होतं : रायडर स्विच. उंचीने लहान असलेलं मूल बरोबर असेल तर आईबापांपैकी एकाने जायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पूर्ण रांग न लावता सोडतात. पैसे नाहीत. ही थोरलीला घेऊन गेली. मी, आई आणि धाकटा बाकावर दशमी खात बसलो. आपली पाळी माझ्याबरोबर राइडऐवजी दशमी खाण्याची आहे, हे त्याने समजूतदारपणे घेतलं. नंतर मी गेलो आणि थोरली माझ्याबरोबर दुसऱ्यांदा. त्याबद्दल काय लिहू? खाली समुद्र येतो, वाऱ्याला वास येतो, आणि मांड्यांखालचा प्राणी श्वास घेतोय हे कळतं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी ओरडलो. मोठ्याने.

एकला बाहेर. तीनला वादळ आलं तेव्हा आम्ही खोलीत पंखा लावून झोपलो होतो.

टेबलांचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि आम्ही अर्थातच केलं नव्हतं. पण लोक रद्द करत असतात. ही दुपारपासून अ‍ॅपमध्ये बघत बसली आणि साडेसहाला सनाचं एक टेबल सुटलं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं हे हॉटेल, आफ्रिकी जेवणाला भारतीय फोडणी. पाच तऱ्हेच्या नान-पराठ्यांबरोबर नऊ वाट्या येतात : कोथिंबिरीची चटणी, चिंचेची, आंब्याची, रायतं, लोणचं वगैरे. खिडकीबाहेर गवतात झेब्रे. पंधरा दिवस ताईच्या घरी पोळी-भाजी खाऊनही आईने चिंचेची चटणी बोटाने पुसून खाल्ली. मग वाढणाऱ्या मुलीला मराठीत सांगितलं, "गूळ थोडा जास्त झालाय." ती "थँक यू" म्हणाली.

मंगळवार : मॅजिक किंगडम, दुसरा प्रयत्न

सुट्टी संपली होती, तरी गर्दी काही कमी नव्हती. फरक एवढाच, की आम्ही आठलाच दारात होतो. पास रविवारीच घेऊन ठेवला होता. जिवावर आलं, पण घेतला.

दार उघडल्यावर थेट खाणगाडी. पस्तीस मिनिटं. काठीवाल्या मुलाने धाकट्याला मापलं, काठी डोक्याच्या बरीच खाली राहिली. तो ताठ उभा राहून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत होता. गाडी दोन-अडीच मिनिटांची असेल. उतरल्यावर म्हणाला, "हे रॉकेटपेक्षा भारी आहे." रॉकेट त्याने पाहिलेलं नाही, हे कोणीही काढलं नाही.

पीटर पॅनला बाहेर ऐंशी मिनिटांची पाटी होती, पासवर दहा मिनिटांत आत. जहाज हवेतून जातं, खाली लंडनचे दिवे. थोरलीने माझा हात धरला. हल्ली ती चारचौघांत धरत नाही.

आईची खरी खोज मात्र वेगळीच. पार्कच्या टुमॉरोलँड भागाच्या वरून एक पीपलमूव्हर नावाची गाडी फिरते. उंचीची अट नाही, रांग नावापुरती, दहा मिनिटं सावलीत आणि वाऱ्यावर बसून तो सगळा भाग वरून दिसतो, आणि ती स्पेस माउंटनच्या पोटातूनही जाते. आई तीन वेळा बसली. तिसऱ्या खेपेला धाकट्याला घेऊन. अंधारात त्याला ते तारे आणि सुसाट जाणारी रॉकेटं दिसली, आजीच्या मांडीवरून. मी शनिवारी त्या दाराबाहेर हात हलवत उभा होतो, तेव्हा ही गाडी आमच्या डोक्यावरून जात होती.

वादळ अडीचला आलं. रेनकोट चढवले आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये शिरलो. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला हा खेळ. रंगमंच जागेवर आणि प्रेक्षागृहच गोल फिरतं. वीसेक मिनिटं, एसी, खुर्च्या. गॅसच्या दिव्यांपासून यंत्रांनी भरलेल्या घरापर्यंत एकाच अमेरिकन कुटुंबाची गोष्ट. ही झोपली. मी आणि आईने बघितलं. तिला त्यातला बर्फाचा कपाट-फ्रिज आवडला. बाहेर आलो तर निम्मं पार्क रिकामं, ओल्या रस्त्यात किल्ल्याचं उलटं चित्र. पाऊस झाल्यावर निघून जाऊ नका, हे त्या बाईंनी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

आतषबाजीला किल्ल्यासमोर तासभर आधी बसकण मारली. आईने खाकरे काढले. शेजारी प्वेर्तो रिकोची एक आजी होती, तिने आईला कसली तरी केळ्याची वेफर दिली. दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, असा माझा अंदाज, कारण दोघी गुडघेच दाखवत होत्या. मग दिवे गेले. हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

परतायला टॅक्सीच. हॉटेलच्या बसला आम्ही शनिवारीच रामराम ठोकला होता. पाच माणसांना गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडलं असतं का, याचा हिशेब मी विमानात केला. पार्किंगच तेव्हा दिवसाला तीस डॉलर होतं, म्हणजे अडीच हजार रुपये. आमचं साधारण बरोबरीत सुटलं.

पुणे, जून

आल्यावर तिसऱ्या दिवशी सोसायटीतले एक शेजारी वर आले. ते नाताळात चाललेत, सहकुटुंब. मी दुरेघी वही काढली. डिस्नीचं तिकीट सर्वांत महाग नाताळातच असतं हे सांगितलं, उंचीचा तक्ता दाखवला, सकाळी सातचा पास, साठ दिवसांचं टेबल, पीपलमूव्हर, रायडर स्विच, "तुमच्यातल्या प्रत्येकाची एक गोष्ट" असं सगळं. ही आतून चहा घेऊन आली, तोवर मी तिसऱ्या पानावर होतो.

ते शांतपणे ऐकत होते. चहा संपवला. म्हणाले, "तुम्ही फार टेन्शन घेता हो. तिकिटं निघालीत आमची." मग दारातून वळून विचारलं, "एकच सांगा, आत वडे वगैरे नेता येतात का?"

"येतात," आई म्हणाली.

"मग झालं तर," म्हणाले आणि गेले. वही टीव्हीखालीच आहे.